उतराई

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-साहाय्य निधीच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थी-साहाय्य निधीविषयी आज चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची सूचना आली आणि तिच्या पाठोपाठ निधीच्या हिशेबाचे कागद व निधीच्या आधारावर शिकलेल्या मुलामुलींच्या पत्रांची एक जाडजूड फाईलही आमच्या घरी येऊन पोहोचली. हिशेबाविषयी आम्ही बोलणार नाही. तो तपासनीसांनी तपासला आहे आणि त्याचा गोषवारा आपल्या हातातील अहवालात आहे. पत्रे मात्र आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि वाचता वाचता एका शब्दापाशी पुन्हा पुन्हा थबकलो. तो शब्द म्हणजे ‘उतराई’.

पत्र वैद्यकीचे शिक्षण संपवून परगावी गेलेल्या मुलाचे असो, संगणकाच्या कंपनीत नोकरीस लागलेल्या मुलीचे असो, अथवा निवृत्त होऊन नातवंडांत रमलेल्या एखाद्या शिक्षकाचे असो, शेवटच्या परिच्छेदातील वाक्य ठरलेले: संघाच्या उपकारांतून आम्ही या जन्मी उतराई होऊ शकणार नाही. पुढे तीच नावे आम्ही निधीच्या खातेवहीत पडताळून पाहिली. पुष्कळांनी सर्व हप्ते नेमाने भरले आहेत. काहींनी दोन-चार हप्ते भरले आणि त्यापुढे त्यांचे पान कोरे आहे. काहींच्या पानावर दिलेली रक्कम तेवढी आहे, आलेली नाही. ह्या शेवटच्या मंडळींनी आपला शब्द अक्षरशः पाळला, असेच म्हणावे लागते. उतराई होणार नाही म्हणाले, आणि झाले नाहीत!

विनोद बाजूस ठेवू. ही मंडळी अप्रामाणिक आहेत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. त्यांच्या पत्रांतील जिव्हाळा खरा आहे. आमचे म्हणणे इतकेच की, येथे एका जुन्या शब्दाच्या अर्थाचा घोटाळा झालेला आहे आणि त्या घोटाळ्याची झळ आज अर्ज घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलांना लागत आहे. म्हणून हिशेबाच्या वहीऐवजी आज शब्दाचीच वही उघडावी, असे आम्ही योजले आहे.

प्रथम ह्या शब्दाची चाल पाहा. ‘कर्ज फिटले’ असे आपण म्हणतो. तेथे फिटते ते कर्ज. ‘रक्कम चुकती झाली’ म्हणतो. तेथे चुकती होते ती रक्कम. परंतु उतराई होतो तो माणूस. ‘मी उतराई झालो’, ‘ती उतराई झाली’, ‘ते उतराई झाले’. लिंग बदला, वचन बदला, शब्दाचे रूप बदलत नाही. पैशाच्या व्यवहारात तो सहसा येत नाही. वाण्याचे बिल देऊन आल्यावर ‘मी वाण्याचा उतराई झालो’ असे कोणी म्हणाल्यास ऐकणारा हसेल. उपकार, माया, सेवा, विद्या असे ज्यांचे माप नाही त्यांच्याच संगतीत हा शब्द शोभतो. आणखी एक मौज अशी की, होकारार्थी वाक्यात तो क्वचितच सापडतो. ‘कसा उतराई होऊ?’, ‘कशी उतराई होणार?’, ‘उतराई होणे शक्य नाही’, अशा प्रश्नात किंवा नकारातच त्याचा सारा संसार. परतफेडीचा शब्द, आणि परतफेड होत नाही हे सांगण्यापुरताच मुख्यतः वापरात! असा शब्द आमच्या भाषेत दुसरा असेल, असे आम्हांस वाटत नाही.

त्याचे मूळ ‘उतरणे’ ह्या साध्या क्रियापदात आहे. डोक्यावरचा भारा उतरतो, तसे मनावरचे ओझेही उतरते. ‘आभार’ ह्या शब्दातच भार आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘आभार मानणे’ आणि ‘उतराई होणे’ ह्यांचे नाते आपोआप उलगडते. आभार मानणारा म्हणतो, हा भार मी पत्करला. उतराई होणारा म्हणतो, तो मी खाली ठेवला. परंतु उतरण्याला दुसराही अर्थ आहे, नदी उतरून पलीकडे जाण्याचा. ओढ्यानदीच्या पायउताराला आपण ‘उतार’ म्हणतो. हिंदीत तर ‘उतराई’ म्हणजे नावाड्याला द्यावयाचे भाडे. तुलसीदासांच्या रामचरितमानसातील केवटाचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी कीर्तनातून ऐकला असेल. वनवासाला निघालेल्या रामलक्ष्मणसीतेला तो गंगेपार नेतो. पलीकडे उतरल्यावर देण्यास जवळ काही नाही म्हणून रामाला संकोच होतो, ते ओळखून सीता बोटातील अंगठी काढून देते, आणि केवट पाय धरून ती उतराई नाकारतो. आमचे कीर्तनकार त्यावर आणखी रंग भरतात. ते सांगतात, केवट म्हणाला, देवा, तुमचा माझा धंदा एकच. मी नदी पार करतो, तुम्ही भवसागर पार करता. एका धंद्यातली माणसे एकमेकांकडून मजुरी घेत नाहीत.

संस्कृतातील ‘उत्तीर्ण’ हा शब्दही ह्याच घराण्यातला. उत्तीर्ण म्हणजे पार गेलेला. संस्कृत कोशांत त्याचे आणखी दोन अर्थ आहेत: ज्याचे अध्ययन पुरे झाले तो, आणि ऋणातून मोकळा झाला तो. पहिला अर्थ आपण शाळा-महाविद्यालयांच्या गुणपत्रिकेवर ठेवून दिला आणि दुसरा विसरलो. ह्या स्मरणिकेत दरवर्षी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची नावे गुणांच्या टक्केवारीसह छापलेली असतात, आणि घरोघरी ते पान प्रथम उघडले जाते. त्यात वावगे काही नाही. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या ठायी एकत्र येत असत, ही जुनी समजूत मात्र त्या पानावर दिसत नाही.

आता शेजारचे शब्द पाहू. शब्दाची ओळख त्याच्या शेजाऱ्यांवरून पटते. ‘फेडणे’ हा त्यांतला थोरला. फेडणे म्हणजे मुळात सोडवणे, उकलणे. गाठ फेडतात, वस्त्र फेडतात. तेथून पुढे कर्ज फेडणे, नवस फेडणे, हौस फेडणे, डोळ्यांचे पारणे फेडणे, आईबापांचे पांग फेडणे, असा त्याचा मोठा विस्तार झाला. ह्या साऱ्यांत कोठेतरी एक गाठ बसलेली आहे आणि ती सोडवायची आहे. गाठ सोडवता येते, कारण ती कोणी, केव्हा व कशाला मारली हे ठाऊक असते. कर्ज हे असे आहे. त्याला रक्कम असते, तारीख असते, मुदत असते. ओझ्याची आणि नदीची गोष्ट वेगळी. तेथे सोडवायला गाठच नसते.

सावकारी आणि दरबारी व्यवहारातून फारसी-अरबी वळणाचे शब्द आपल्याकडे आले ते ह्या गाठींचेच. ‘बेबाक’ म्हणजे ज्यात बाकी उरली नाही असे. (हल्ली वृत्तपत्रांत बेधडक बोलणाऱ्यास ‘बेबाक’ म्हणतात, तो शब्द निराळा आणि हिंदीच्या वाटेने आलेला.) ‘फारखत’ म्हणजे देणेकरी मोकळा झाल्याचा कागद, तोच पुढे ‘फारकत’ होऊन नवराबायकोच्या ताटातुटीसाठी राबू लागला. पण आमच्या मनात ह्या सर्वांत जो भरला आहे, तो प्रयोग शुद्ध मराठी आहे: ‘भरून पावलो’. पैसे पुरते मिळाले म्हणजे घेणारा पावतीवर हे दोन शब्द लिहून सही करी. आज आपण नातवाचे कौतुक पाहून ‘भरून पावलो’ म्हणतो, तेव्हा आपण एका जुन्या पावतीवर सही करीत असतो, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

ही पावती किती मोलाची वस्तू आहे, हे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाने एकदा फार कडवटपणे शिकवले आहे. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि पाहता पाहता ते लोण पुणे व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते आणि रोखे हिसकावून घ्यावेत व जाळावेत, हा त्या उठावाचा हेतू. सारा भरण्यासाठी घेतलेली रक्कम व्याजात वाढत जाई, जुन्या खताचे नवे खत होई, आणि शेतकऱ्याने दिलेल्या धान्याची वा पैशाची नोंद पुष्कळदा कोठेच नसे. कुणबी फेडीत होता, पण ‘भरून पावलो’ असे त्याला कोणी लिहून देत नव्हते. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात न्यायालयाने नुसते खत न पाहता व्यवहाराचा मागचा सारा इतिहास तपासावा आणि सावकाराने पावती द्यावी, अशी तरतूद करावी लागली. हा प्रसंग आम्ही विस्ताराने सांगितला, त्याचे कारण पुढे येईल.

सावकाराच्या ओटीवरून आता स्वयंपाकघरात या. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ते ‘उसने’. उसन्याला व्याज नाही आणि कागदही नाही. त्याची फेड त्याच वस्तूने, त्याच मापाने. शेतकऱ्यांत ‘पैरा’ होता. आज तुमच्या शेतात आमचे बैल, उद्या आमच्या शेतात तुमचे. लग्नकार्यात आहेराची वही असे. कोणी काय दिले ते तिच्यात टिपून ठेवीत आणि त्यांच्या घरच्या कार्यात वही उघडून तोलामोलाचा आहेर करीत. आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापून ही वहीच बंद करण्यात आली. त्याने यजमान सुटले की पाहुणे, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ह्या उसनवारीच्या जगातही आमच्या आजीपणजींनी एक फट ठेवली होती. शेजारचे भांडे परत करताना ते रिकामे म्हणून जात नसे. त्यात चार शेंगदाणे, गुळाचा खडा, निदान चिमूटभर साखर असे. साखरेची वाटी फिटली, ती हिशेबाने. वर घातलेला गुळाचा खडा हिशेबातला नव्हे. उतराई ह्या शब्दाची वाट त्या खड्यापासून सुरू होते, असे आम्ही समजतो.

मग ती नेहमी नकारातच का बोलली जाते? तेथे केवळ नम्रता आहे काय? वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात ह्याचे जे उत्तर आहे त्याहून मार्मिक उत्तर आमच्या वाचनात नाही. राज्याभिषेकानंतर वानरांना निरोप देताना राम हनुमंताला सांगतो की, तुझे उपकार माझ्या ठायीच जिरून जावेत. प्रत्युपकार करू पाहणारा माणूस, नकळत का होईना, उपकारकर्त्यावर संकट येण्याची वाट पाहत असतो; कारण संकट आल्याखेरीज परतफेड करायची कशी? केवढी सूक्ष्म दृष्टी ही! ज्याने तुम्हांला पुरातून काढले, त्याला पुरातून काढण्याची संधी मिळो, अशी प्रार्थना कोणता शहाणा करील? म्हणून ‘मी उतराई होणार नाही’ ह्या म्हणण्याचा मूळ आशय असा की, तुमच्यावर माझ्यासारखी पाळी कधी न येवो. हा नकार म्हणजे एक आशीर्वाद आहे. तुकोबांनीही संतांच्या उपकारांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध अभंगात हा शब्द प्रश्नरूपानेच योजला आहे. आणि हे तुकोबा कोण? घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवणारे, असे परंपरा सांगते. ज्याने दुसऱ्यांच्या मानेवरचे पैशाचे येणे पाण्यात सोडले, त्यालाच स्वतःवरच्या उपकाराचे देणे एवढे जाणवावे, ह्यात आम्हांस विसंगती दिसत नाही.

तथापि ह्या नकाराची ढाल करू नये, हेही आपल्याच ग्रंथांनी शिकवले आहे. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील कौत्साची कथा घ्या. वरतंतु ऋषींजवळ त्याचे अध्ययन पुरे झाले. गुरुदक्षिणा काय देऊ, असे विचारताच गुरू म्हणाले, तू केलेली सेवा हीच दक्षिणा. तेथे थांबावे की नाही? कौत्साने आग्रह धरला, पुन्हा पुन्हा धरला, तेव्हा गुरू रागावले आणि म्हणाले, चौदा विद्या शिकलास, तर चौदा कोटी आणून दे. ज्याचे मोल होत नव्हते त्याचे मोल शिष्याने करायला लावले, म्हणून ही शिक्षा. परंतु एकदा आकडा ठरल्यावर मात्र कौत्साने पळवाट काढली नाही. तो रघुराजाकडे गेला. राजा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला. मातीच्या भांड्यातून त्याने अर्घ्य दिले. तरी याचक विन्मुख जाऊ नये म्हणून तो कुबेरावर स्वारी करण्यास सिद्ध झाला आणि रात्रीतून त्याच्या कोशागारात सोन्याचा पाऊस पडला. राजा म्हणतो, सर्व घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूंचे आहे त्याहून एक कवडीही अधिक नको. दसऱ्याला आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून देताना घरोघर हीच गोष्ट सांगतात, पण लक्ष सोन्याच्या पावसाकडे जाते. आमचे लक्ष त्या चौदा कोटींकडे आहे. विद्येचा उतराई होता येत नाही, हे कौत्सालाही कळत होते. आकड्याचे देणे मात्र त्याने आकड्याने दिले.

ह्या दोहोंपलीकडे तिसरी वाट आहे आणि आमच्या मते तीच प्रस्तुत विषयाच्या गाभ्याची. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की, जो कोणी आहे तो ऋण घेऊनच जन्मतो: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. देवांचे ऋण यज्ञाने जाते, ऋषींचे अध्ययनाने, पितरांचे संततीने, आणि मनुष्यांचे घरी आलेल्यास आसरा व अन्न दिल्याने. ह्यातील खुबी अशी की, निदान ऋषी आणि पितर ह्यांचे देणे ज्याचे त्याला परत जात नाही. बापाने वाढवले, त्याची फेड बापाला वाढवून होत नाही. मुलाला वाढवून होते. ज्यांनी ज्ञान मिळवून ठेवले, त्यांना ते परत नको आहे. मनुष्यऋणही तसेच, ज्याच्या घरी जेवलो त्यालाच जेवू घालावे असा निर्बंध तेथे नाही. शहरांत वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची पिढी आता सरली, पण तिच्या आठवणी आपल्यातील वडीलधाऱ्यांनी ऐकलेल्या आहेत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या मुलांनी पुढे नोकरी लागल्यावर त्या सात घरांना सात आठवड्यांचे धान्य नेऊन दिले असे नाही. दिले असते तर घरधनिणीने ते घेतलेही नसते. त्यांच्यापैकी कित्येकांनी आपल्या घरी एखाद्या मुलाचा वार ठेवला. उतराई ती ही.

आता आपल्या निधीकडे वळू. ह्या निधीतून मिळते ते दान नव्हे, आणि सावकारी कर्जही नव्हे. व्याज नाही, तारण नाही, एका ज्ञातिबंधूच्या शब्दावर रक्कम मिळते आणि नोकरी लागल्यावर ती हप्त्यांनी परत करायची असते. परत आलेला पैसा देणगीदाराच्या घरी जात नाही. ज्यांच्या देणग्यांवर निधी उभा राहिला, त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. तो हप्ता जातो पुढच्या अर्जदाराकडे. म्हणजे फेड आणि उतराई ह्या एरवी वेगळ्या असलेल्या दोन गोष्टी येथे एकाच पावतीत सामावल्या आहेत. ही नाव आहे. एक उतारू पार पोहोचला की तिने रिकामी परत फिरून अलीकडच्या तीरावरच्याला घ्यायचे आहे. ती पलीकडच्या काठालाच बांधून ठेवली आणि ‘नावाड्याचे उपकार फिटणार नाहीत’ असे तेथून कितीही गहिवरून सांगितले, तरी अलीकडे उभ्या असलेल्या मुलाचे काय? बँकांची शैक्षणिक कर्जे आज मिळतात हे खरे; पण वसतिगृहाचे पैसे आठ दिवसांत भरायचे असतात आणि बँकेचा कागद हलायचा असतो, त्या मधल्या आठ दिवसांत कित्येकांना हाच निधी उपयोगी पडला आहे. ह्या वर्षी काही अर्ज पात्र असूनही पुढे ढकलावे लागले, हे अहवालात एका ओळीत आहे. ती ओळ आपण सर्वांनी वाचावी.

यावर उपाय म्हणून तीन सूचना कार्यकारी मंडळाकडे आल्याचे समजते. पहिली, थकबाकीदारांची नावे स्मरणिकेत छापावीत. ह्या सूचनेला आमचा स्पष्ट विरोध आहे. थकलेल्यांमध्ये नोकरी गेलेले आहेत, आजारपणाने खचलेले आहेत, सासरी गेल्यावर स्वतःच्या मिळकतीवरही ज्यांचा अधिकार चालत नाही अशा मुली आहेत. नाव छापणारा छापखाना एवढा भेद करीत नाही. ज्ञातीपुढे माणसाला उभा करून त्याची लाज काढण्याचे हत्यार ज्ञातिसंस्थांनी पूर्वी पुष्कळ चालवले आणि त्याचे व्रण अजून गेलेले नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तो काही उगीच नव्हे. नाव छापणे म्हणजे बहिष्कार नव्हे हे आम्ही जाणतो. पण तो रस्ता त्याच गावाला जातो.

दुसरी सूचना, जुनी थकबाकी माफ करून ह्यापुढे निधी दानरूपानेच द्यावा. ही उदारपणाची दिसते, पण आम्हांस पटत नाही. कर्जाऊ रक्कम देताना आपण त्या मुलाला सांगत असतो की, तू उद्या देणारा होणार आहेस अशी आमची खात्री आहे. दान देताना ही खात्री सांगावी लागत नाही. खरोखर अडचणीत असलेल्यास मुदत वाढवून द्यावी, प्रसंगी हप्ते सोडूनही द्यावेत. पण ते माणूस पाहून, घाऊक नव्हे.

तिसरी सूचना, दिवंगत सभासदांची थकबाकी त्यांच्या सुस्थितीतील मुलांकडून वसूल करावी. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे धर्मकर्तव्य, असे आपल्याकडे मानीत आणि न्यायालयेही ते मानीत. परंतु हिंदू उत्तराधिकार कायद्याला २००५ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने त्यानंतरच्या कर्जांपुरते केवळ ह्या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलावर, नातवावर किंवा पणतूवर दावा चालणार नाही असे ठरवले. ज्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, तीच ही. तेव्हा वसुलीची भाषा येथे सोडून द्यावी. त्या मुलांकडे जरूर जावे, त्यांच्या वडिलांनी विद्यार्थी असताना लिहिलेले पत्र त्यांना दाखवावे, आणि परत यावे. पुढचे त्यांचे त्यांना सुचेल.

ह्या तिन्ही सूचनांत एका गोष्टीचा विचार झालेला नाही. पूर्ण फेड केलेल्यांना संघाकडून काय जाते? आम्ही फाईल चाळली. शेवटचा हप्ता भरलेल्यांना नेहमीची छापील पावती गेली आहे, जशी पहिल्या हप्त्याला गेली होती तशीच. रक्कम पुरी झाली, असे कोठेही म्हटलेले नाही. एका निवृत्त शिक्षकांनी शेवटच्या हप्त्यासोबत लिहिले होते की, आपला हिशेब पुरा झाला असल्यास तसे कृपया कळवावे. त्या पत्राचे उत्तर फाईलमध्ये नाही. सुप्याच्या कुणब्याची कथा आम्ही सांगितली ती ह्यासाठी. संघ म्हणजे सावकार नव्हे, हे खरे. पण ‘भरून पावलो’ हे दोन शब्द न लिहिण्यात मात्र दोघांचे साम्य होऊ नये.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. ज्यांची फेड पुरी झाली, त्या प्रत्येकास, मग ती कितीही वर्षांपूर्वीची असो, संघाने अध्यक्षांच्या सहीचे एक पत्र पाठवावे. त्यात रक्कम भरून पावल्याचे स्वच्छ लिहावे आणि त्या पैशातून पुढे कोणत्या शिक्षणासाठी साहाय्य गेले तेही लिहावे. विद्यार्थ्याचे नाव नको, शिक्षण तेवढे पुरे: परिचारिकेचा अभ्यासक्रम, तंत्रनिकेतन, जे असेल ते. ज्यांचे हप्ते थांबले आहेत, त्यांनाही पत्र जावे. त्यात मागणीच्या आधी विचारपूस असावी आणि सोयीचा नवा हप्ता त्यांनीच कळवावा असे सुचवावे. दोन्ही पत्रांचे कच्चे मसुदे आम्ही करून कार्यवाहांच्या स्वाधीन केले आहेत. भाषेत फेरफार सुचवावयाचा असेल त्यांनी मेळावा संपण्यापूर्वी त्यांना भेटावे. पत्ते बदललेल्यांची यादी दाराजवळील मेजावर ठेवली आहे. ज्यांना त्यांतील कोणाचा ठावठिकाणा माहीत असेल त्यांनी तो तेथे लिहून द्यावा.